आवडीची लाज कुणी लावली?

गाडीत एकटे असलो की आपण नव्वदच्या दशकातलं एखादं उडतं गाणं मोकळ्या गळ्यानं म्हणतो. नागपूरच्या व्हरायटी चौकात ऑफिसातले कुणी साहेब शेजारी येऊन बसले, की बोट मुकाट्यानं गझलेकडे वळतं. अशा आवडीला हल्ली 'गिल्टी प्लेजर' म्हणतात. पण यात गुन्हा कुठला? गाणं तेच, ऐकणारे कानही तेच. गाडीत फक्त एक माणूस वाढला.

ही बोच सुरांत नसते, समाजानं रचलेल्या उतरंडीत असते. सरकारनंही एकदा ती उतरंड रचून पाहिली. 1952 मध्ये पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी सवंग, देशाचा कान शास्त्रीय संगीतावर घडला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. त्यातून शास्त्रीय कलावंतांना रेडिओवर मानाचं स्थान मिळालं हे खरं. पण सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोते वाद घालत बसले नाहीत. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शॉर्टवेव्हची खरखर, मध्येच विरून पुन्हा वर येणारा आवाज, तरी दर बुधवारी रात्री अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' चुकवायची नाही! अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारनंच सिनेगाण्यांना जागा देणारी 'विविध भारती' सुरू केली.

ही उतरंड किती तकलादू आहे, हे पाहायला नागपूरबाहेर जायला नको. इथल्या शंकरराव सप्रे गुरुजींकडे वसंतराव देशपांडे शिकले आणि रामचंद्र चितळकरही. एकाच्या नावानं आज सिव्हिल लाइन्समध्ये सभागृह आहे. दुसरे सी. रामचंद्र झाले. 1951 च्या 'अलबेला'त त्यांनी पाश्चात्त्य ठेका आणला, त्यावर भगवानदादा नाचले आणि पब्लिकही. सवंग म्हणून नाकं मुरडावीत, असाच तो सगळा मामला. पण चीन युद्धातल्या हुतात्म्यांसाठी जानेवारी 1963 मध्ये लता मंगेशकरांनी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर जे गीत गायलं, त्याची चालही याच चितळकरांची. आणि वसंतराव? शास्त्रीय बैठक, नाट्यपद, लावणी, सिनेमाचं गाणं यांतलं काहीच त्यांनी सोवळ्यात ठेवलं नाही.

मग सगळी गाणी सारख्याच तोलाची का? मुळीच नाही. एखाद्या गाण्याचे शब्द पोकळ आहेत, चाल उसनी आहे, हे खुशाल म्हणावं आणि तरीही त्यावर ताल धरावा. पारख आणि आवड या दोन गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदतात.

अपराधी वाटायचंच असेल, तर त्याला दुसऱ्या जागा आहेत. बाईची टर उडवणारे शब्द आपण हसत हसत गुणगुणतो, तेव्हा जरा थांबायला हवं. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीचंही तेच. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांनीच घातली आहे. ती ओलांडली, की भजन असो की आयटम साँग, शेजारच्या म्हाताऱ्याची झोप सारखीच उडते. तिथं खुशाल ओशाळावं. एरवी साहेब गाडीत असले तरी गाणं बदलू नये. कदाचित त्यांनाही तेच आवडत असेल.