ओहोटीच्या वेळेवर चालणारे बेट

ऑगस्ट १८८३. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटाच्या पोलीसप्रमुखाने पूर्वेकडून तोफांचे बार ऐकू येत असल्याची नोंद केली. एखादे जहाज संकटात सापडले असावे, असा त्याचा समज झाला. प्रत्यक्षात तो इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट होता, सुमारे ४,८०० किलोमीटरवरचा! आवाजाला बेटापर्यंत यायला चार तास लागले होते. बेटाच्या शांततेचा याहून मोठा दाखला कुठल्याही पर्यटन खात्याला देता येणार नाही.

मॉरिशसला जाणारे मराठी पर्यटक पुष्कळ. त्याच देशाचा भाग असलेल्या रॉड्रिग्जला पोहोचणारे अगदी मोजके. मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर, छोट्या विमानाने दीड तासात गाठता येणारे हे १०८ चौरस किलोमीटरचे बेट. इथे उसाचे मळे उभे राहिले नाहीत, त्यामुळे मळ्यांवर राबायला नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची वस्तीही झाली नाही. रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज मॉरिशसमध्ये भेटतात. रॉड्रिग्जवर बहुतेक लोक आफ्रिकी वा मिश्र वंशाचे, कॅथलिक आणि क्रिओल बोलणारे. २००२पासून बेटाला स्वायत्तता आहे.

बेटाला प्रवाळकड्याचा वेढा आहे. कड्याच्या आतला उथळ समुद्र, म्हणजे लगून, बेटाच्या दुपटीहून मोठा. त्यामुळे इथला दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतो. पाणी उतरले की बायका हातात लोखंडी सळी घेऊन आणि पायात जाड बूट घालून लगूनमध्ये दूरवर चालत जातात आणि कपारीत लपलेले ऑक्टोपस टिपतात. कोकणात ओहोटीला कालवे काढायला जाणाऱ्या बायकांना हे काम परके वाटणार नाही. पकडलेले ऑक्टोपस किनाऱ्यावर काठ्यांना टांगून वाळवतात. कोशिंबिरीत किंवा रश्श्यात ते घरोघर शिजतात.

या धंद्याने एकदा धोक्याची घंटाही ऐकली. ऑक्टोपस कमी झाले, मिळत ते लहान मिळू लागले. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत राखण करून मरते. त्याआधीच ती पकडली गेली तर पुढची पिढीच बुडाली. म्हणून २०१२मध्ये काही आठवडे पकड पूर्ण बंद ठेवण्यात आली आणि त्या काळात मासेमारांना दुसरे काम देण्यात आले. बंदी उठल्यावर मोठे ऑक्टोपस हाती लागले, आणि मग ही बंदी वार्षिक झाली. आपल्याकडच्या पावसाळी मासेमारीबंदीवर दरवर्षी होणारी वादावादी पाहता, पोटाला पर्याय दिला की माणसे थांबायला तयार होतात, हे इथे लक्षात घ्यावे असे.

बेटाने गमावलेही फार. १६९१मध्ये फ्रान्सच्या फ्रान्स्वा लेगा याने साथीदारांसह इथे पाऊल ठेवले, तेव्हा बेटावर माणूस नव्हता. महाकाय कासवे मात्र इतकी, की जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून शंभराहून अधिक पावले चालता येई, असे त्याने लिहून ठेवले आहे. डोडोचा भाऊबंद शोभावा असा सॉलिटेर नावाचा न उडणारा पक्षीही त्याने पाहिला. पुढे जहाजे येत गेली, कासवे खलाशांच्या अन्नासाठी भरभरून नेली गेली. आज ती कासवे नाहीत, सॉलिटेरही नाही. लेगाच्या नावाने २००७मध्ये सुरू झालेल्या अभयारण्यात अल्डाब्राची कासवे आणून सोडली आहेत. अस्सल नव्हेत, पण दरीतल्या वाटेवर त्यांच्या शेजारून चालताना पूर्वी काय होते याचा अंदाज येतो.

काही गोष्टी मात्र हातच्या निसटता निसटता राहिल्या. कॉफीच्या कुळातले ‘काफे मारों’ हे झुडूप नामशेष झाले असे मानले जात होते. १९८०मध्ये एका शाळकरी मुलाने त्याची फांदी शिक्षकांना आणून दाखवली. संपूर्ण बेटावर ते एकच झुडूप उरले होते. त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू उद्यानात नेऊन रोपे तयार करण्यात आली. सोनेरी लवीची फळवटवाघळेही १९७०च्या दशकात शंभराच्या आत आली होती. आता ती हजारोंनी आहेत आणि संध्याकाळी थव्याने निघतात.

ज्यांना सुट्टीत रोज तीन ठिकाणे ‘करायची’ असतात, त्यांनी इकडे फिरकू नये. सेंट फ्रान्स्वाहून कड्याकाठच्या पायवाटेने त्रू दार्जांच्या चिमुकल्या पुळणीपर्यंत चालणे, होडीने पक्ष्यांच्या इल ओ कोको बेटावर जाणे, सेगा तांबूर या नृत्यसंगीताचा ताल ऐकणे, एवढ्यात दिवस भरतात. २०१७मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत आलेला हा सेगा ढोलाच्या जोरावर चालतो. शाकाहाऱ्यांना राजमा, मका आणि पपईची टार्ट मिळते. लिंबू-मिरचीची लोणची तर मराठी जिभेला ओळखीचीच वाटावीत.

मे ते ऑक्टोबर हा काळ थंड आणि कोरडा. जानेवारी ते मार्च वादळांचा. पाण्याची टंचाई बेटाला कायमची, तेव्हा ते जपून वापरावे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर मॉरिशसच्याही आधी, २०१४मध्ये बंदी आली आहे. कापडी पिशवी सोबत न्यावी. आणि बेतात एक शनिवार जरूर ठेवावा: पोर्ट मातुरँचा आठवडी बाजार पहाटे भरतो आणि सकाळीच उरकतो.