होंडा गेली, पीथमपूर राहिले : माळव्यात घडलेल्या एका जपानी स्कूटरची गोष्ट

२८ जुलै २०२५ रोजी कायनेटिक समूहाने ‘डीएक्स’ नावाची विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आणली. तिची किंमत, बॅटरी आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर यांची चर्चा झालीच. पण पन्नाशी ओलांडलेल्यांची नजर खिळली ती तिच्या आकारावर. तोच उभट, चौकोनी तोंडवळा आणि तेच दोन अक्षरी नाव. चाळीस वर्षांपूर्वीच्या नावातला एक शब्द मात्र तिच्यावर नव्हता. तो शब्द होता ‘होंडा’.

‘कायनेटिक होंडा’ असे जोडनाव घेऊन ही गाडी १९८४ ते १९९८ या काळात भारतभर गेली. गोव्यात ती शिक्षिका, परिचारिका, बँकेतले कर्मचारी यांच्या दारात उभी राहिली. कळंगुट-बागा पट्ट्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवत ती पर्यटकांना भाड्यानेही मिळत असे. आज मात्र ‘होंडाची स्कूटर’ म्हटले की गाडी वेगळीच, कारखाना वेगळाच आणि राज्यही वेगळे. चाळीस वर्षांपूर्वी लोकांनी ज्या गाडीवर विश्वास टाकला, त्या विश्वासाचे पुढे काय झाले, हे समजून घ्यायचे तर मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात जावे लागते.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. दोन्ही पवारांची संस्थाने. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. संस्थाने विलीन झाल्यावर कारखानदारीचा पहिला लाभ देवासला झाला. १९७४ साली तिथे नोटांचा सरकारी छापखाना सुरू झाला. धार जिल्हा बराच काळ मागास राहिला, आणि नेमके हे मागासलेपणच ऐंशीच्या दशकात त्याच्या कामी आले. औद्योगिकदृष्ट्या मागास जिल्ह्यांत कारखाना काढणाऱ्यास त्या काळी भांडवली अनुदान आणि करांत सवलत मिळत असे. इंदूर आणि महूच्या शेजारी, मुंबई-आग्रा महामार्गाच्या हाकेच्या अंतरावर असलेल्या पीथमपूरच्या माळरानावर पाहता पाहता वाहनांचे कारखाने उभे राहिले. बजाज टेम्पो आली, आयशर आली, हिंदुस्थान मोटर्सचा इंजिन कारखाना आला आणि कायनेटिक होंडाही आली. यांतल्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक या दोन कंपन्या पुण्याच्या फिरोदिया घराण्याच्या. माळव्यात मराठी भांडवल पुन्हा एकदा पोहोचले, एवढेच; या खेपेस घोड्यांऐवजी इंजिने घेऊन.

जपान्यांचे येणेही त्याच सुमाराचे. १९८३च्या डिसेंबरात मारुती-सुझुकीची पहिली मोटार रस्त्यावर उतरली आणि दिल्लीतल्या धोरणकर्त्यांना जपानी तंत्रज्ञानाची गोडी लागली. हलक्या मालमोटारींसाठी एकाच वेळी चार जोड्या जमल्या : डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निस्सान आणि आयशर-मित्सुबिशी. होंडाने तर भारतात दोन जोडीदार निवडले. मोटारसायकलींसाठी हीरो आणि स्कूटरसाठी कायनेटिक. मागे वळून पाहता या वाटणीला बरेच महत्त्व आहे, कारण होंडाच्या लेखी कायनेटिक कधीच एकमेव नव्हती.

होंडाचा पिंड मुळात दुचाकीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडे पडून राहिलेली छोटी इंजिने सोइचिरो होंडा यांनी सायकलींना जोडली, त्यातून १९४८ साली कंपनी आकाराला आली. मोटारी आल्या त्या बऱ्याच नंतर, १९६३ मध्ये. दरम्यान १९५८ साली आलेल्या ‘सुपर कब’ने कंपनीचे नशीब पालटले. शेवयांची डिलिव्हरी देणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताटे सावरत दुसऱ्या हाताने चालवता यावी, अशी ती गाडी हवी होती, असे सांगतात. म्हणून तिच्यात हाताने दाबायचा क्लच ठेवलाच नाही. चालकाच्या डोक्यावरचे एक ओझे कमी करायचे आणि मग गाडी विकायची, हा होंडाचा शिरस्ता तेव्हापासूनचा आहे. २०१७ सालापर्यंत या एका गाडीच्या मालिकेने दहा कोटींचा आकडा गाठला.

कायनेटिक होंडाची मोहिनी याच शिरस्त्यात दडलेली होती. ती कळण्यासाठी आधीची स्कूटर आठवावी लागते. बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याचा नंबर लवकर लागे, त्यामुळे आखातात नोकरी करणाऱ्याच्या घरी स्कूटर आधी पोहोचत असे. हाती आल्यावरही तिचे लाड करावे लागत. सकाळी ती एका अंगावर झुकवायची, मग सरळ करून किक मारायची, पुन्हा मारायची. इंजिन उजव्या बाजूला लटकलेले, त्यामुळे तोल सांभाळण्याची सवय करावी लागे. डाव्या हाताने क्लच दाबून तीच मूठ पिळायची तेव्हा गिअर पडणार. मागचा ब्रेक पायाशी. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे, ते विसरले तर इंजिन जाम. चेतक दणकट आणि काटकसरी होती, यात वाद नाही. पण ती घरातल्या एका माणसाची, बहुधा कर्त्या पुरुषाची गाडी होती.

नव्या स्कूटरला बटण होते. ९८ सीसीचे दोन स्ट्रोकचे इंजिन बोटाच्या दाबाने सुरू होई. किक होती, पण बॅटरी रुसली तर हाताशी असावी म्हणून. गिअर नाहीत, क्लच नाही. दोन्ही ब्रेक हातांत, सायकलीसारखे. ऑइलची टाकी निराळी; पंप हवे तेवढे ऑइल आपोआप सोडी. पाय ठेवायला सपाट जागा असल्याने साडी नेसूनही ती सहज चालवता येई. सायकल चालवता येणारी कोणीही व्यक्ती दुपारभरात ही गाडी शिकू शके. घरातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसालाही किल्ली मिळाली, ती इथे.

गिअर नाहीत म्हणजे नेमके काय, याविषयी आजही बराच गैरसमज आहे. वेगांचे प्रमाण बदलावे तर लागतेच. फक्त ते काम चालकाऐवजी एक पट्टा करतो. इंजिनाकडे एक आणि मागच्या चाकाकडे एक अशा दोन कप्प्यांवरून रबरी पट्टा फिरतो. प्रत्येक कप्पी दोन उतरत्या तबकड्यांची बनलेली असते. पुढच्या कप्पीत लहान वजने, म्हणजे रोलर, बसवलेले असतात. इंजिनाची गती वाढली की रोलर बाहेर फेकले जातात आणि तबकड्यांना जवळ ढकलतात. तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर सरकतो, मागच्या कप्पीत तो तितकाच खाली उतरतो आणि गाडीला जणू वरचा गिअर पडतो. चढ लागला, गती कमी झाली, की हेच उलट घडते. एक झटकाही न बसता.

याची किंमतही होती. पट्टा थोडी शक्ती वाया घालवतो, त्यामुळे पेट्रोल जास्त लागे आणि हिशेबी मालक कुरकुर करीत. पट्टा आणि रोलर झिजले की गाडीचा दम जाई. उतारावर इंजिनाचा अटकाव पुरेसा मिळत नसल्याने सगळा भार ब्रेकवर येई. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तरीही लोकांनी ती घेतली. रोज सकाळी मिळणाऱ्या स्वस्थतेसाठी थोडे जास्त पैसे मोजायला भारतीय मध्यमवर्ग तयार आहे, हे या गाडीने दाखवून दिले. तोपर्यंत सरासरीच्या म्हणजे ‘ॲव्हरेज’च्या पलीकडे हा ग्राहक पाहतच नाही, असा कारखानदारांचा समज होता.

मालमोटारवाल्याचा हिशेब वेगळा

स्कूटर लोकांच्या मनात घर करीत असताना करार मात्र ताणले जात होते. २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर स्वस्त करण्याचे ठरवले. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन पडत. १९८७ संपता संपता ते १२०च्या आसपास आले. जपानहून येणारा प्रत्येक सुटा भाग भारतीय कारखान्यांना महाग पडू लागला. ज्यांनी हे भाग लवकर इथे बनवायला घेतले ते तगले. डीसीएम-टोयोटा पुढे कोरियाच्या देवूकडे गेली, ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे.

पीथमपूरची आयशर मात्र तरली. तिची ‘कँटर’ १९८६ पासून इथे तयार होऊ लागली आणि १९९४ साली मित्सुबिशीशी असलेला करार संपला. मालमोटारी विकल्या जातच राहिल्या. कारण मालमोटारीचा मालक बोधचिन्ह पाहून खरेदी करीत नाही. किती टन माल, किती लिटर डिझेल आणि बिघडली तर सुटा भाग किती तासांत मिळेल, एवढेच तो विचारतो. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तोवर माळव्यातच मिळू लागली होती. २००८ मध्ये स्वीडनची व्होल्वो भागीदार झाली. आज या कंपनीची इंजिने पीथमपूरला बनतात आणि गिअरचे काम देवासलाही चालते. हिंदुस्थान मोटर्सची कथा थोडी गमतीची. तिच्या पीथमपूरच्या कारखान्यात जपानच्या इसुझूचे इंजिन तयार होई, ते आधी कॉन्टेसात बसले आणि नव्वदच्या दशकात अँबॅसिडरमध्ये. मंत्र्यांच्या त्या ‘अस्सल स्वदेशी’ गाडीचे हृदय जपानी होते, पण इसुझूचे नाव घेऊन तिचे कौतुक करणारे टॅक्सीवालेच अधिक.

स्कूटरचे तसे नव्हते. ग्राहक बटण दाबत होता आणि श्रेय देत होता होंडाला.

१९९८ साली दोघे वेगळे झाले. होंडाचा हिस्सा कायनेटिकने विकत घेतला. कारखाना, कामगार, साचे सगळे पीथमपुरातच राहिले. गाडीही जवळपास तीच राहिली, फक्त नाव निम्मे झाले. त्याच वर्षी होंडाने ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून ‘सिटी’ ही मोटार भारतीय बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिने हरियाणात मानेसरला दुचाकींसाठी स्वतःच्या पूर्ण मालकीची कंपनी स्थापन केली. २००१ मध्ये तिथून आलेली ॲक्टिव्हा म्हणजे पीथमपूरच्या स्कूटरचाच विचार, पण चार स्ट्रोकच्या इंजिनावर बसवलेला. फरक किरकोळ नव्हता. दोन स्ट्रोकच्या इंजिनातून थोडे पेट्रोल आणि ऑइल न जळताच बाहेर पडते, आणि २००० साली लागू झालेल्या प्रदूषणाच्या नव्या मर्यादांनी अशा इंजिनांचे दिवस भरत आणले होते. ॲक्टिव्हा धूर कमी सोडी, पेट्रोल कमी पिई आणि तिच्यावर नाव पुरते होंडाचेच होते. बिनगिअरच्या स्कूटरची सवय देशाला कायनेटिकने लावली. त्या सवयीचे पीक मानेसरने काढले.

कायनेटिक गप्प बसली नव्हती. तिने चार स्ट्रोकच्या स्कूटर आणल्या, तैवानच्या एसवायएम कंपनीशी हातमिळवणी करून ‘फ्लाइट’ काढली. ही तैवानी कंपनीही कित्येक वर्षे होंडाचीच सहकारी होती आणि २००२ मध्ये तिचीही होंडाशी फारकत झाली होती. दोन घटस्फोटितांचा हा संसार फार टिकला नाही. २००८ साली कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राने घेतला. पीथमपूरच्या त्याच कारखान्यातून मग रोडिओ, ड्युरो आणि गस्टो निघाल्या. २०१८ पासून तिथे जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. शेजारीच २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान चाचणी मार्ग खुला झाला आहे. गावात वाहनांचे काम कमी झालेले नाही. नवी विजेवरची ‘डीएक्स’ मात्र पीथमपूरची नाही, ती महाराष्ट्रातून येते.

जुन्या गाड्या अजून पूर्ण संपलेल्या नाहीत. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. १९९७ साली नोंदलेली कायनेटिक होंडा ज्याने जपली, त्याने २०१२, २०१७ आणि २०२२ असे तीन वेळा आरटीओचे उंबरठे झिजवले असणार. आता पुढची पाळी २०२७ ची. पट्टा, रोलर आणि ऑइल पंप धड असेल तर गाडी तपासणीच्या मैदानापर्यंत नक्की पोहोचते. धुराच्या चाचणीचे मात्र सांगता येत नाही. नोंदणी पुस्तिकेत उत्पादकाच्या रकान्यात आजही त्या दोन नावांची जोडी वाचायला मिळते. ती जोडी फुटली त्याला आता पाव शतक उलटून गेले आहे.