माळावरची मोजदाद

निमगाव केतकीच्या परिसरातले उघडे माळ नकाशावर ओसाड दिसतात. प्रत्यक्षात कडबनवाडीपासून बारामतीतल्या सुप्यापर्यंत लांडगा, चिंकारा, खोकड आणि तरस याच गवताळ माळांवर जगतात. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. त्यामुळे बरेच प्राणी अभयारण्याबाहेरच मोजावे लागतात.

वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, राज्यभर पाणवठ्यांवर मचाणे बांधून गणना होते. चिंकाऱ्यासाठी मात्र हा आकडा फसवा ठरू शकतो. पाला-शेंगांतल्या ओलाव्यावर तो बराच काळ भागवतो, पाणवठ्याकडे फिरकेलच असे नाही. त्याच्यासाठी सकाळी ठरलेल्या वाटेने चालत, दिसलेला प्रत्येक कळप आणि त्याचे अंतर टिपणे अधिक भरवशाचे.

लांडग्याचा हंगाम थंडीचा. पिल्ले साधारणपणे हिवाळ्यात जन्मतात. बिळाजवळ वर्दळ झाली तर मादी पिल्ले दुसरीकडे हलवते, म्हणून कॅमेरा बिळाच्या तोंडाशी नव्हे, येण्याजाण्याच्या वाटेवर लावायचा. तरस अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक ओळखता येतो. लांडग्याच्या बाबतीत तसे पट्टे नाहीत, तिथे विष्ठेतला डीएनए कामी येतो. तरसाची विष्ठा वाळली की हाडांतल्या चुन्यामुळे पांढरी पडते, ती चटकन सापडते.

आणि मेंढपाळाला विचारल्याशिवाय पाहणी सुरू करूच नये. लांडग्यांचा कळप कुठल्या ओढ्यातून वर येतो, हे धनगर वाड्यावर आधी कळते.