तासवड्याच्या नाक्यावरची रोकड

पुणे-बंगळूर महामार्गावर उंब्रज सोडून कराडकडे निघालं, की तासवड्याचा टोलनाका लागतो. सुट्ट्या पैशांवरची हुज्जत हा एके काळी तिथला ठरलेला कार्यक्रम. 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरच्या त्या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरींवरच तिची चिप चालू होते आणि आपला क्रमांक कळवते. त्याला जोडलेल्या खात्यातून टोल वळता होतो.

रोख त्यानंतरही चालत राहिली, पण पुढे ती महाग पडू लागली. 15 नोव्हेंबर 2025 पासून टॅग नसेल किंवा चालत नसेल, तर 100 रुपयांच्या टोलला यूपीआयने 125 आणि रोखीने 200 मोजावे लागू लागले. सरकारी नोट देणाऱ्यालाच दंड, हे मला खटकलं. अर्थात, मागची रांग त्याच्यामुळेच अडायची.

बाजारात अशी सक्ती नाही. पण जानेवारी 2020 पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे दहाच्या कोथिंबिरीलाही क्यूआर कोड परवडतो.

मग नोटा घटल्या का? उलट वाढल्या. नोटबंदीच्या सुमारास, नोव्हेंबर 2016 मध्ये, देशात सुमारे 18 लाख कोटी रुपयांचं चलन होतं. मार्च 2025 अखेर ते 36 लाख कोटींच्या पुढे गेलं. घटला तो रोजच्या खरेदीतला वापर. अडीनडीसाठी कपाटात ठेवलेली नोट महिनोन्‌महिने हलली नाही, तरी रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात ती चलनातच धरली जाते.