छोटा भीमचा केक करायचा की नाही? होम बेकर्ससाठी कॉपीराइटची सरळ भाषा

केकची किंमत कशी काढायची यावरचा व्हिडिओ आला आणि दुसऱ्याच दिवशी तोरणमाळहून एका ताईंचा फोन. मला वाटलं, किमतीबद्दलच काही विचारायचं असेल. पण प्रश्न भलताच निघाला.

"सर, छोटा भीमचा केक केला तर पोलीस येतात का हो?"

आधी मला हसू आलं, मग ताईंनी सगळं सांगितलं. त्या घरूनच केक करतात. थोड्या ऑर्डरी वर येणाऱ्या पर्यटकांच्या, बाकीच्या खाली शहाद्याच्या. शहाद्यातल्या एका घरात मुलाचा पाचवा वाढदिवस आहे. दोन किलोचा केक, वर फोंडंटचा छोटा भीम, शिवाय तीस कपकेक आणि प्रत्येकावर भीमचा एडिबल प्रिंट. त्यांच्यासाठी त्या महिन्यातली ही सगळ्यात मोठी ऑर्डर. आणि नेमकं त्याच वेळी त्यांना कळलं, की ओळखीतल्या एका बाईंचा कार्टून केकचा फोटो कॉपीराइटच्या तक्रारीवरून इन्स्टाग्रामने काढून टाकला. "उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. हो म्हणू की नको?"

हा प्रश्न तुमच्यापैकी निम्म्या लोकांचा आहे, फक्त विचारला ताईंनी. म्हणून आज यावरच बोलू. एक गोष्ट आधीच सांगतो, मी वकील नाही. धंद्याला लागतो तेवढा कायदा वाचलेला माणूस आहे. हातात नोटीस पडली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि वकील गाठा.

महाभारतातला भीम तुमचा, ढोलकपूरचा नाही

महाभारतातल्या भीमावर कुणाचीच मालकी नाही. गदा घेतलेला, भरपूर खाणारा, ताकदवान भीम तुम्ही केकवर काढा, भिंतीवर काढा, कुणी विचारणार नाही. पण केशरी धोतर नेसलेला, लाडू खाल्ला की अंगात बळ येणारा, चुटकी आणि जग्गूबरोबर हिंडणारा तो पोरगा वेगळा. तो हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनचा. राजीव चिलका यांची ही कंपनी, आणि २००८ पासून ती मालिका टीव्हीवर आहे. त्या पोराचा चेहरा, केस, पोशाख, ठेवण हे सगळं कुणीतरी बसून काढलेलं चित्र आहे. कायद्याच्या भाषेत ती 'कलाकृती'.

गणपतीचंही तसंच. गणपती सगळ्यांचा, पण २००७ च्या 'बाल गणेश' सिनेमातला गणपती हुबेहूब उचलून केकवर ठेवला तर ते चित्र त्या निर्मात्याचं. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. कथा, कल्पना, रंग, विषय मोकळे असतात. त्या कल्पनेला कुणीतरी दिलेलं रूप मोकळं नसतं.

आता ताई म्हणाल्या, "पण सर, मी चित्र कुठे छापतेय? हाताने फोंडंटची बाहुली करतेय." इथे बरेच जण फसतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १४ व्या कलमात कलाकृतीच्या मालकाचे हक्क सांगितलेत, आणि सपाट चित्राची त्रिमितीय प्रतिकृती करण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलाय. म्हणजे टीव्हीवरच्या चित्राची फोंडंटची बाहुली हीसुद्धा नक्कलच. तुमची मेहनत, तुमची साखर, तुमचे चार तास, सगळं खरं. पण रूप त्यांचं.

नुसतं पात्र, म्हणजे चित्र सोडून त्याचा स्वभाव, ढब, ओळख, यालाही संरक्षण मिळू शकतं का? २०१६ साली 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेवरून अरबाज खान मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. वेगळेपण असलेल्या पात्राला संरक्षण मिळू शकतं, हे तत्त्व न्यायालयाने त्या वेळी प्रथमदर्शनी मानलं. चुलबुल पांडेचा केक मागणारे काकाही असतात म्हणून सांगितलं!

वरून ट्रेडमार्क वेगळाच. पात्राचं नाव आणि लोगो कंपन्या ट्रेडमार्क म्हणून जपतात. 'छोटा भीम केक मिळेल' असा बोर्ड लावला की तुम्ही त्या नावावर धंदा करताय असा अर्थ निघतो. मग चित्र कितीही वेगळं असो.

ऐकीव गोष्टी

"तीस टक्के बदल केला की चालतं." असा कुठलाही नियम कायद्यात नाही. बघणाऱ्याला भीमच दिसला, तर धोतराचा रंग बदलून काही उपयोग नाही.

"चित्र गिऱ्हाइकानेच व्हॉट्सअॅपवर पाठवलं." गिऱ्हाईक त्या चित्राचं मालक आहे का? नाही ना? मग तो तुम्हाला परवानगी कुठून देणार?

"मी केकचेच पैसे घेते, चित्राचे नाही." मग साधा केक आणि भीमचा केक एकाच भावात देता का? इथे ताई फोनवर गप्प झाल्या.

"मला माहीतच नव्हतं." याचा थोडा उपयोग आहे. ५५ वं कलम म्हणतं, की कॉपीराइट आहे हे ठाऊक नव्हतं आणि तसं मानायला कारणही नव्हतं, हे सिद्ध केलं तर नुकसानभरपाई टळू शकते. तरी मनाई हुकूम येऊ शकतो आणि त्या मालावर कमावलेला नफाही द्यावा लागू शकतो. पण रोज टीव्हीवर दिसणाऱ्या पात्राबद्दल 'ठाऊक नव्हतं' म्हणायचं कसं, हे तुम्हीच ठरवा.

स्वतःच्या लेकरासाठी घरात केक केला तर? निवांत करा. खाजगी वापराला ५२ व्या कलमात सूट आहे. घरचा केक विकायला गेला, की सूट संपली.

मग पोलीस येतात का?

ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर टाळणार नाही. ६३ व्या कलमाप्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन केलं तर किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. म्हणजे कागदावर उत्तर 'येऊ शकतात' असं आहे.

पण घरगुती धंद्याला पहिला फटका बसतो तो फोटोचा. स्वयंपाकघरात काय झालं ते कुणी बघत नाही. फोटो टाकला, खाली पात्राचं नाव लिहिलं, हॅशटॅग लावला, की तो शोधायला एक मिनिट पुरतं. तक्रार आली की फोटो जातो, पुन्हा पुन्हा आली तर अख्खं पेज जाऊ शकतं. तोरणमाळसारख्या ठिकाणी दुकान नाही, रस्त्यावर पाटी नाही, पेज हेच दुकान. तीन वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे मेसेज, सगळं एका दिवसात गेलं तर? ताईंना खरी भीती याची होती, फक्त त्यांनी तिला पोलीस असं नाव दिलं होतं.

"आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर पण छोटा भीम आहे की," असंही त्या म्हणाल्या. खरंय, कुठल्याही तालुक्यात जा, दिसतो. यावरून १९८९ ची गोष्ट आठवली. अमेरिकेत फ्लोरिडातल्या हॅलंडेल गावात तीन पाळणाघरांनी भिंतींवर मिकी, डोनाल्ड वगैरे मंडळी रंगवली होती. डिस्नेने ती पुसायला लावली. पेपरात बोंब झाली, आणि युनिव्हर्सल स्टुडिओ व हॅना-बार्बेरा या कंपन्यांनी पुढे होऊन आपली पात्रं तिथे रंगवायला दिली. यात दोन गोष्टी बघा. लहान मुलांची जागा म्हणून कंपनी थांबली नाही. आणि मालकानेच परवानगी दिली, तेव्हा तसलीच चित्रं त्याच भिंतींवर कायदेशीर झाली.

परवानगी, आणि तिच्याशिवायचे रस्ते

मोठ्या कंपनीचा परवाना मिळतो, पण तो कारखान्यांच्या हिशोबाने असतो. महिन्याला दहा केक करणाऱ्या घरासाठी तो रस्ता नाही, उगाच आशा लावत नाही. अमेरिकेत डेकोपॅकसारख्या कंपन्या परवाना घेतलेली केक सजावट तयार विकतात, बेकर ती आणून केकवर ठेवतो. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचा उपाय म्हणजे दुकानातून अस्सल, परवानाधारक खेळणं बिलासकट आणायचं, साध्या केकवर ठेवायचं, आणि बिलात केक वेगळा, खेळणं वेगळं लिहायचं. जाहिरातीत पात्राचं नाव नको. सगळ्यात बरं म्हणजे खेळणं गिऱ्हाइकालाच आणायला सांगा. आणि आठवडी बाजारातला वीस रुपयांचा टॉपर अस्सल नसतो, हे मी सांगायला नको.

जुनी चित्रंही आहेत. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची कलाकृती मोकळी होते. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं कधीच मोकळी झाली. आता रविवर्म्याच्या लक्ष्मीवर सुरी कोण फिरवणार, ते सोडा. वारली चित्रांबद्दल नेहमी विचारतात. वारलीची शैली कुणा एकाची नाही, पण 'वारली चित्रकला' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. आणि जिव्या सोमा मशे २०१८ मध्ये गेले. त्यांचं एखादं चित्र जसंच्या तसं उतरवणं म्हणजे नक्कलच, ते २०७८ संपेपर्यंत संरक्षित आहे.

गावातल्या एखाद्या चित्र काढणाऱ्या पोराकडून डिझाइन घ्या. पण लेखी घ्या, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि पोराला पैसे द्या हो, "एक्स्पोजर" नको.

ताईंनी काय केलं

मी ताईंना विचारलं, "पोराला भीममधलं काय आवडतं?" त्यांनी आईला फोन करून विचारलं. उत्तर आलं: लाडू, आणि मारामारी.

बघा, यातलं काहीच ग्रीन गोल्डचं नाही! लाडू आजीचे, मारामारी आखाड्याची. ताईंनी कागदावर चित्र काढून पाठवलं. खाली आखाड्याची लाल माती (चॉकलेट आणि बीटचा रंग), मागे सातपुड्याचे डोंगर, एका बाजूला यशवंत तलावाचा निळा तुकडा, मधे खऱ्या बेसनाच्या लाडवांचा ढीग आणि वर सोनेरी गदा. गदेवर मुलाचं नाव. कपकेकवर प्रिंट नाही, प्रत्येकावर एक छोटा लाडू. केशरी धोतर नाही, तो चेहरा नाही, पेजवर नाव 'पैलवान केक'.

आई आधी जरा नाराज झाली. "पण त्याने भीम सांगितलाय," म्हणाली. ताईंनी खरं कारण सांगितलं, आणि अस्सल बाहुली आणलीत तर शेजारी ठेवून देईन असंही सांगितलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं: "ठीक आहे. लाडू मात्र जास्त ठेवा."

शिवाय एक फायदा ताईंनाच सुचला. पावसाळ्यात तोरणमाळच्या हवेत फोंडंटच्या बाहुलीला घाम फुटतो, नाक खाली येतं, रंग ओघळतो. लाडवाला ती भानगड नाही. चार तासांचं काम दीड तासावर आलं आणि भाव तोच राहिला.

आता त्यांच्यापुढे प्रश्न आहे, एवढे लाडू रचलेला केक घाटाच्या वळणांवरून शहाद्यापर्यंत न घरंगळता न्यायचा कसा. पॅकिंगचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात करतोय. तोवर कुणी डोंगरातून केक पोचवत असेल तर तुमची युक्ती मला कळवा.