दुधाचे दोन साक्षीदार

कराडच्या बाजारातून थोडा पांढरा खवा आणि एक सातारी कंदी पेढा आणा व शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही दुधाचेच, मग पेढा तपकिरी का? खवा कढईत खरपूस भाजला, की दुधातील साखर (लॅक्टोज) आणि प्रथिनांतील लाइसीन हे अमिनो आम्ल यांचा संयोग होतो. फ्रेंच रसायनज्ञ माय्यार यांनी 1912 साली वर्णिलेली ही विक्रिया. पेढ्याचा रंग व खमंग वास बराचसा तिचाच. (घरी दूध नुसते उकळताना ती फारच थोडी होते, तेव्हा घाबरू नका!)

पण तिची किंमत असते. असे जखडलेले लाइसीन शरीराला वापरता येत नाही. आपल्या ज्वारीच्या भाकरीत लाइसीन आधीच कमी. ती उणीव भरून काढायची ती दुधाने. म्हणूनच कोण किती तापवलेले दुग्धपदार्थ खातो, हे आहारतज्ज्ञांना जाणून घ्यायचे असते. विचारून कळेल? गेल्या मंगळवारी काय काय खाल्लेत, हे तुम्ही तरी सांगू शकाल का? तेव्हा तपासायची ती लघवी.

दूध तापले, की लॅक्टोजच्या थोड्या रेणूंची मांडणी बदलून लॅक्ट्युलोज ही निराळीच साखर बनते. कच्च्या दुधात ती जवळजवळ नसते. दूध जितके अधिक तापेल तितकी ती वाढते. तिला तोडणारे विकर आपल्या आतड्यात नाही. बहुतेक लॅक्ट्युलोज मोठ्या आतड्यातील जिवाणू फस्त करतात. अगदी थोडे रक्तात शिरते आणि मूत्रपिंडातून जसेच्या तसे बाहेर पडते.

दुसरा साक्षीदार पायरॅलीन, माय्यार विक्रियेतूनच पुढे निपजणारा. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना असे भाजके-तापवलेले पदार्थ जवळजवळ वर्ज्य असलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या लघवीतील पायरॅलीन पुष्कळच उतरले.

मात्र पायरॅलीन पावाच्या खरपूस कडेतूनही येते. लॅक्ट्युलोज बद्धकोष्ठावरचे औषध म्हणूनही देतात, आणि आतड्याचे अस्तर दुखावलेले असेल तर ते जास्त झिरपते. एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही तो यामुळे. दोघांची जबानी जुळवून पाहावी लागते. शिवाय दोघेही एक-दोन दिवसांतच शरीराबाहेर जातात. कालचा पेढा कळेल, दिवाळीतला नाही. म्हणून एकाच माणसाचे नमुने वेगवेगळ्या दिवशी घ्यावे लागतात.