ध्वनिमुद्रण, बोली आणि मराठीचा वर्ग : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. घरी भिली, पावरी, मावची वा अहिराणी बोलणारा विद्यार्थी येथे मराठी साहित्याच्या वर्गात बसतो, तेव्हा प्रमाण मराठी ही त्याने बहुधा शाळेत आत्मसात केलेली भाषा असते. महाविद्यालयीन अध्यापनातील संगणकीय साधनांचा विचार या वस्तुस्थितीपासूनच सुरू व्हावयास हवा. फळ्यावरचा मजकूर पडद्यावर आणल्याने अध्यापन बदलत नाही. ते बदलू शकते ध्वनिमुद्रणाने, आणि त्यासाठी विद्यार्थ्याच्या खिशातील भ्रमणध्वनीही पुरतो.

या बोलींचा आजवरचा अभ्यास प्रामुख्याने लिखित नमुन्यांवर झाला. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिली बोली व खानदेशी यांचे वर्णन आहे. त्यांची गणना तेथे मराठीत नव्हे, तर गुजरातीच्या निकटच्या गटात केलेली आहे. ‘मराठीची बोली’ हा शब्दप्रयोग वर्गात सहजपणे करणाऱ्या अध्यापकाने हे ध्यानी ठेवलेले बरे. सर्वेक्षणातील नमुन्यांसाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर ठिकठिकाणी करवून घेण्यात आले. तुलनेसाठी ती सोय उत्तम होती; परंतु गोष्ट बोलणाऱ्याची नव्हती. काठीच्या होळीत गायिले जाणारे गीत किंवा आजीने सांगितलेली कथा विद्यार्थी मुद्रित करून आणतो, तेव्हा प्रथमच संहिता बोलणाऱ्याच्या बाजूने वर्गात येते.

अशा मुद्रणाचे अध्यापनमूल्य पुनःश्रवणात आहे. मौखिक कथा एकदा ऐकली की आशय उरतो, घडण निसटते. तीच चार वेळा ऐकली असता निवेदक कोठे थांबतो, कोणते पद पुन्हा उच्चारतो, श्रोत्यांच्या हुंकाराने कथन कसे वळते, हे दिसू लागते. दोन गावांतील एकाच गीताची मुद्रणे शेजारी ठेवली म्हणजे पाठभेद ही संकल्पना हस्तलिखितांच्या चर्चेपेक्षा लवकर उमगते. त्यानंतर लिप्यंतर करावयाचे, आणि खरी कसोटी तेथे लागते. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ऐकलेले तसेच लिहावे की ‘दुरुस्त’ करावे? संगणकातील शुद्धलेखन-तपासनीस ‘डोया’ला चूक ठरवितो, ही तांबडी रेघ कोणाच्या नियमाने उमटली, या प्रश्नावर एक संपूर्ण तासिका सहज खर्ची पडते. ती सत्कारणीच लागते, कारण आपल्या घरची भाषा अशुद्ध आहे ही भावना घेऊन आलेला विद्यार्थी त्या तासिकेत प्रथमच तिच्याकडे नियमबद्ध व्यवस्था म्हणून पाहतो.

लिप्यंतर युनिकोडमध्येच व्हावे. १९९१ पासून देवनागरीला त्यात स्थान आहे. जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर निरर्थक दिसे आणि शब्दशोध अशक्य होई. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद युनिकोडमध्ये टिकतो, मात्र ‘ऱ्य’ कसा टंकावा हे शिकवावे लागते. मोल्सवर्थ यांचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे शोधता येण्याजोग्या रूपात उपलब्ध आहेत. मिळालेला शब्द तेथे आढळतो काय, याची पडताळणी ग्रंथालयात मोठे कोश नसले तरी होऊ शकते.

जाळ्यावर अवलंबून राहू नये, हे येथे निराळे सांगणे नको. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाल्यावर दूरस्थ व्याख्यानांच्या मर्यादा सातपुड्यातील पाड्यांवर अधिकच जाणवण्याजोग्या होत्या. असंपीडित एकमार्गी ध्वनिमुद्रणास मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते. तासाभराचे मुद्रण लहानशा स्मृतिपत्रावर सहज मावते आणि हातोहात देता येते.

मुद्रण कोणाचे, हा प्रश्न मात्र तंत्राने सुटत नाही. गाणाऱ्या व्यक्तीची संमती तिच्याच भाषेत घेऊन मुद्रणाच्या आरंभी नोंदवावी. नाव, गाव, प्रसंग व दिनांक त्यासोबत असावेत. काही गीते ठरावीक विधीतच म्हटली जातात. ती बाहेर ऐकविण्यास नकार मिळाला, तर विद्यार्थ्याने त्या नकाराची नोंद करावी आणि तीही त्याच्या प्रकल्पात गुणांस पात्र धरावी. मूळ मुद्रणाची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी पोहोचविणे हे विभागाचे काम आहे, विद्यार्थ्याच्या सवडीचे नव्हे.